पांढरा कुडा आणि एका नावाची गफलत



तळोजा फेज वनमध्ये आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ एक छोटीशी बाग आहे. त्यात कमरेएवढ्या उंचीची चार-पाच झुडपं आहेत. जवळजवळ बाराही महिने त्यांच्यावर पाच पाकळ्यांची पांढरीशुभ्र फुलं असतात आणि प्रत्येक फुलाच्या मधोमध झालरीसारखी बारीक नक्षी दिसते. कुणीतरी हौसेने तिथे हिरवी पाटी लावली आहे : ‘कुटज. औषधी वनस्पती.’

तिथून पेंधर मेट्रो स्टेशनकडे चालत निघालं की खारघरचा डोंगर दिसतो. एप्रिल-मेमध्ये तो अगदी करपून गेलेला असतो. पण उतारावर मध्येच कुठेतरी पांढऱ्या फुलांचे झुबके दिसतात. तो आपला रानातला कुडा. संस्कृतात त्यालाच कुटज म्हणतात.

गंमत अशी की पाटीवरचा कुटज आणि डोंगरावरचा कुटज ही दोन वेगळी झाडं आहेत. नुसती जात वेगळी नाही, प्रजातीच वेगळी. आणि ही चूक पाटी लावणाऱ्या माणसाची नाही. ती पावणेतीनशे वर्षं जुनी आहे. ती स्वीडनमध्ये झाली, तिथून लंडनच्या औषधबाजारात गेली, एका रसायनाच्या नावात जाऊन बसली आणि शेवटी माझ्या पीएच.डी.चे सात महिने खाऊन गेली.

तुमच्यापैकी जे पेट परीक्षेची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख लिहिते आहे. विषय वनस्पतीचा असला तरी प्रश्न सगळ्यांचाच आहे : आपण ज्या वस्तूवर संशोधन करतो आहोत, ती तीच वस्तू आहे हे आपल्याला कशावरून माहीत?

आधी झाडं ओळखून घेऊ

या गोष्टीत तीन झाडं आहेत. तिन्हींची फुलं पांढरी, तिन्हींची पानं समोरासमोर जोडीने येणारी, तिन्हींचा चीक दुधासारखा. तिन्ही एकाच कुळातली आहेत, म्हणजे कण्हेर आणि सदाफुलीच्या कुळातली. या कुळाला अ‍ॅपोसायनेसी म्हणतात.

पहिला पांढरा कुडा. याचं आजचं शास्त्रीय नाव होलॅर्हिना प्युबेसेन्स. हे मोठं झुडूप किंवा लहान झाड असतं आणि आपल्या पानगळीच्या रानात सगळीकडे दिसतं. फांदीच्या टोकाला फुलांचे गुच्छ येतात. फुलाला खाली बारीक नळी आणि वर पाच पाकळ्या. नळीचं तोंड मोकळं असतं, तिथे कसलीही झालर नसते. पुंकेसर नळीच्या आत लपलेले असतात. एका फुलापासून दोन शेंगा होतात, पेन्सिलीसारख्या बारीक आणि वीत-दीड वीत लांब. त्या एकमेकींपासून सुट्या लोंबत राहतात.

दुसरा काळा कुडा, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. हाही आपल्याच रानात मिळतो. याच्या फुलाच्या तोंडाशी झालर असते आणि पुंकेसर बाहेर डोकावतात. ते एकमेकांना टेकून टोकदार सुळका तयार करतात. याच्याही शेंगा जोडीनेच येतात, पण पिकेपर्यंत दोन्हींची टोकं चिकटलेली असतात, चिमट्यासारखी. याच्या पानांपासून निळा रंग काढत, म्हणून नावात ‘टिंक्टोरिया’.

तिसरं आमच्या बागेतलं, राइटिया अँटिडिसेंटेरिका. हे मूळचं श्रीलंकेचं. आज नर्सऱ्यांमध्ये सर्रास मिळतं. काळ्या कुड्याचं हे जवळचं नातेवाईक. म्हणूनच त्याच्याही फुलात झालर आहे.

आणखी एक खूण आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. तिघांच्याही बियांना म्हातारीसारखे रेशमी केस असतात, वाऱ्यावर उडण्यासाठी. पण पांढऱ्या कुड्याच्या बीला हे केस वरच्या टोकाला असतात, तर राइटियाच्या बीला खालच्या. शेंग उकलून एक बी हातात घेतली की भिंगसुद्धा लागत नाही, निकाल लागतो.

आता नावातला ‘अँटिडिसेंटेरिका’ हा शब्द बघा. अर्थ सरळ आहे : आमांशावरचा, आव थांबवणारा. हे बिरुद खरं तर पांढऱ्या कुड्याचं. मग ते श्रीलंकेच्या बागेतल्या झुडपाला कसं मिळालं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

वैद्यांना दोन कुडे माहीत होते

आषाढाच्या पहिल्या दिवशी यक्षाने मेघाचं स्वागत ज्या फुलांनी केलं, ती कुटजाची होती. कालिदासाचं ‘मेघदूत’ शिकताना आपण हे वाचलेलं असतं. पण कुटज फक्त काव्यात नव्हता. आयुर्वेदात अतिसारावर, म्हणजे जुलाब आणि आव यांवर, त्याची साल आणि बिया ही जुनी औषधं आहेत. बियांना इंद्रजव म्हणतात. कुटजारिष्ट आजही औषधाच्या दुकानात मिळतं.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात कुटजावर एक अख्खा अध्याय आहे. त्यात कुटजाचे दोन प्रकार दिले आहेत : नर आणि मादी. नर कुटजाची फळं मोठी, फुलं पांढरी, पानं तुकतुकीत. मादीची फळं लहान आणि फुलं गडद रंगाची. आजचे अभ्यासक नर कुटज म्हणजे पांढरा कुडा असं मानतात. मादी कुटज म्हणजे काळा कुडा, असं बरेच जण म्हणतात. पण काळ्या कुड्याची फुलंही पांढरीच असल्यामुळे ही ओळख पूर्ण जुळत नाही.

आपल्यासाठी महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. ‘कुटज’ या एका नावाखाली एकाहून जास्त झाडं येतात, याची जाणीव त्या ग्रंथाला होती आणि ती फळ, फूल, पान यांवरून वेगळी करायची, हेही त्यात सांगितलं होतं. आजच्या भाषेत याला आपण निदान-लक्षणं म्हणू.

गोवा, कोची आणि नागरी अक्षरं

युरोपीय लोक भारतात आले आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांची गाठ आमांशाशी पडली. त्यामुळे त्यांनी स्थानिक औषधांची चौकशी केली यात नवल नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचा औषधी द्रव्यांवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. मलबारातले लोक आमांशावर वापरतात अशा एका वनस्पतीवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. पुढच्या अभ्यासकांनी ती वनस्पती म्हणजे कुडाच, असं ठरवलं.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा प्रचंड ग्रंथ करवून घेतला. एकूण १२ खंड, पहिला खंड १६७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला प्रसिद्ध झाला. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याबरोबर त्यात तीन कोकणी वैद्यांनी काम केलं होतं : रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेलं कोकणी भाषेतलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापलेली नागरी अक्षरं! संधी मिळाली तर त्या पानाचं डिजिटल चित्र नक्की बघा.

याच पहिल्या खंडात ‘कोडग-पाला’ या मल्याळी नावाने एका झुडपाचं वर्णन आणि चित्र आहे. तोच आपला पांढरा कुडा. म्हणजे इथपर्यंत सगळं ठीक होतं. झाड होतं, चित्र होतं, ओळखणारी माणसं होती.

लिनियसची एक नोंद

लिनियस भारतात कधी आला नाही. त्याच्याकडे आल्या त्या वाळवलेल्या फांद्या आणि पुस्तकं. पॉल हर्मन नावाच्या डॉक्टरने सतराव्या शतकात श्रीलंकेत गोळा केलेल्या वनस्पतींचा संग्रह लिनियसच्या हाती आला आणि त्यावरून त्याने १७४७ मध्ये ‘फ्लोरा झेलॅनिका’ हे पुस्तक लिहिलं. पुढे १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लॅन्टारम’ आलं. वनस्पतींची शास्त्रीय नावं आजही तिथपासूनच मोजली जातात. त्यात त्याने एका झाडाला नाव दिलं : नेरियम अँटिडिसेंटेरिकम.

या नोंदीत त्याने दोन गोष्टी एकत्र केल्या. एक, श्रीलंकेतून आलेला नमुना. दुसरी, ऱ्हीडच्या ग्रंथातला ‘कोडग-पाला’. त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. प्रत्यक्षात नमुना होता श्रीलंकेच्या शोभेच्या झुडपाचा आणि गुण होता मलबारच्या कुड्याचा. एकाचं शरीर, दुसऱ्याची कीर्ती.

लिनियसला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वाळलेली फांदी आणि पुस्तकातलं चित्र एवढ्यावर त्याने हजारो झाडांचा हिशोब लावला होता. पण नियम असा की नाव नमुन्याबरोबर जातं, कीर्तीबरोबर नाही. १८१० मध्ये स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन याने हे कुळ नीट तपासलं, तेव्हा त्याने एकाच निबंधात दोन नव्या प्रजाती मांडल्या. एक राइटिया, जमैकात काम केलेल्या विल्यम राइट या डॉक्टरच्या नावाने. दुसरी होलॅर्हिना. ग्रीकमध्ये ‘होलोस’ म्हणजे अखंड, ‘अर्हेन’ म्हणजे नर. परागकोश अखंड असतात म्हणून हे नाव. म्हणजे ब्राउनने फुलाच्या आत डोकावून दोन्ही गट अचूक वेगळे केले. पण लिनियसचं ‘अँटिडिसेंटेरिका’ हे नाव नमुन्याप्रमाणे राइटियाकडे गेलं. नियमाने बरोबर, व्यवहारात घोळ.

कारण औषधविक्रेता परागकोश बघत नाही, तो नाव वाचतो. आणि नाव सांगत होतं की आमांशावरचं झाड ते राइटिया.

मुंबईत सापडलेलं रसायन, लंडनमध्ये पडलेलं नाव

युरोपात कुड्याची साल ‘कोनेसी बार्क’ किंवा ‘तेलिचेरी बार्क’ या नावाने जात होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वनस्पतींतली अल्कलॉइड वेगळी काढण्याची लाट आली होती. अफूतून मॉर्फीन निघालं होतं, सिंकोनाच्या सालीतून क्विनीन निघालं होतं. मग कुड्यातून काय?

१८५८ मध्ये मुंबईतल्या डॉ. हेन्स यांनी सालीतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं आणि मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. कोनेसी सालीवरून त्याचं नाव कोनेसिन. १८६४ मध्ये जॉन स्टेनहाउस या रसायनशास्त्रज्ञाने बियांमधून तेच अल्कलॉइड काढलं. त्याच्यासमोर बियांवर नाव होतं राइटिया अँटिडिसेंटेरिका. म्हणून त्याने त्याला नाव दिलं ‘राइटीन’.

थांबा, हे परत वाचा. राइटीन राइटियातून निघालेलंच नव्हतं. ते निघालं होतं होलॅर्हिनातून. झाडाच्या नावातली चूक आता रेणूच्या नावात शिरली होती. कोनेसिन आणि राइटीन एकच आहे, हे १८८० च्या दशकात स्पष्ट झालं. तरी ‘राइटीन’ हा शब्द कोनेसिनचं पर्यायी नाव म्हणून पुस्तकांत राहिला आणि आजही तुम्हाला काही डेटाबेसमध्ये तो दिसेल.

बाजारात याचा परिणाम काय झाला?

आता खरा तोटा कुठे झाला ते बघू. ज्या सालीचा गुण पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता, ती युरोपात हळूहळू मागे पडली. भारतात काम करणाऱ्या डॉक्टरांनी याचं कारण लिहून ठेवलं : पांढऱ्या कुड्याच्या जागी काळ्या कुड्याची साल विकली जात होती. तिच्यात कोनेसिनचा तो गुण नाही. रुग्णाला उतार पडत नसे आणि दोष कुड्याच्या माथी येई.

गोष्ट बियांचीही तीच. मुंबईत औषधी द्रव्यांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम डायमॉक यांच्या पुस्तकांत याची चर्चा येते. पुढे वॉर्डन आणि हूपर यांच्याबरोबर त्यांनी ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा तीन खंडांचा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध केला. इंद्रजव दोन प्रकारचे : कडू आणि गोडे. कडू ते पांढऱ्या कुड्याचे, गोडे ते काळ्या कुड्याचे. म्हणजे बाजारातल्या माणसाला जिभेवर फरक कळत होता, पण पुस्तकातल्या नावात तो दिसत नव्हता.

तळोज्याला राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. आमच्याकडे एमआयडीसीत रोज शेकडो ड्रम जातात-येतात. आतला पांढरा द्रव दिसायला सारखाच, पण पाटी बदलली की काय होऊ शकतं हे इथल्या कुठल्याही शिफ्ट-कामगाराला विचारा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव ही तशीच पाटी आहे.

दरम्यान होलॅर्हिनाचं नावही स्थिरावत होतं. १८३७ मध्ये जॉर्ज डॉनने होलॅर्हिना प्युबेसेन्स हे नाव प्रसिद्ध केलं. १८४४ मध्ये आल्फॉन्स द कांडोलने होलॅर्हिना अँटिडिसेंटेरिका हे नाव वापरलं. दुसरं नाव गुण सांगणारं, म्हणून लोकांना तेच आवडलं आणि शंभर वर्षांहून जास्त काळ तेच चाललं. आज दोन्ही एकच जात मानली जाते आणि आधीचं नाव ग्राह्य हा नियम लागतो. म्हणून आता प्युबेसेन्स. प्युबेसेन्स म्हणजे लवदार, कोवळ्या भागांवर बारीक लव असते त्यावरून.

कलकत्त्यातला दुसरा डाव

विसाव्या शतकात कुड्याला पुन्हा संधी मिळाली. १९१२ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात अमीबाजन्य आमांशावर एमेटिनची इंजेक्शनं यशस्वीपणे वापरली. पण एमेटिन ज्या इपिकॅकपासून मिळतं ती वनस्पती दक्षिण अमेरिकेची, औषध महाग आणि हृदयावर त्याचा वाईट परिणाम होण्याची भीती. म्हणून देशी पर्याय हवा होता. १९२० च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुड्याच्या अल्कलॉइडांचा नीट अभ्यास केला. बंगालीत कुड्याला ‘कुर्ची’ म्हणतात, त्यामुळे त्या काळचे शोधनिबंध ‘कुर्ची’ याच नावाखाली सापडतात. १९३२ मध्ये सलीमुज्जमान सिद्दीकी आणि पिल्लै यांनी सालीतून आणखी अल्कलॉइड वेगळी काढली.

कुर्चीची औषधं काही दशकं चालली. १९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आलं आणि अमीबाच्या उपचाराचं चित्रच बदललं. कोनेसिनची गोष्ट मात्र संपली नाही. त्याची रचना स्टेरॉइडसारखी आहे : कार्बनचे २४ अणू, हायड्रोजनचे ४०, नायट्रोजनचे २. ते प्रयोगशाळेत तयार करणं हे त्या काळच्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना आव्हान वाटलं आणि १९६२ मध्ये त्याची संश्लेषणं प्रसिद्ध झाली. २००८ मध्ये हेच कोनेसिन मेंदूतल्या हिस्टामिनच्या एच-३ ग्राहकाला अडवतं, असं दिसून आलं. आमांशाची साल मेंदूच्या औषधविज्ञानात पोहोचली.

(एक सूचना : हा लेख वाचून कुणी साल उकळून पिऊ नये. मेंदूवर काम करणारं रसायन आहे, चेष्टा नाही.)

आता माझे सात महिने

माझं काम कुड्याच्या सालीतल्या अल्कलॉइडांवर आहे. पहिल्या वर्षी मी घाई केली. ‘कुटज साल’ असं लिहिलेली दोन किलो साल एका दुकानातून आणली, दळली, अर्क काढला. पातळ-थर क्रोमॅटोग्राफीची प्लेट तयार केली, तिच्यावर ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मक फवारला. अल्कलॉइड असलं की नारिंगी ठिपका उठतो. माझ्या प्लेटवर ठिपका नव्हता म्हटलं तरी चालेल, इतका फिका होता.

मी काय केलं असेल? जे सगळे करतात तेच. द्रावक बदलला, आम्ल-क्षाराची पायरी बदलली, अर्क काढण्याचा वेळ वाढवला, अभिकर्मक नवा बनवला. सात महिने मी पद्धतीवर संशय घेत राहिले. झाडावर संशय घ्यावा हे एकदाही सुचलं नाही, कारण पुडीवर नाव लिहिलेलं होतं.

उत्तर प्रयोगशाळेत मिळालं नाही, पनवेलच्या बाजारात मिळालं. पावसाळ्यात तिथे डोंगरावरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यात कुड्याच्या कोवळ्या शेंगाही असतात. उकडून, पिळून, कडूपणा कमी करून त्यांची भाजी करतात. मी एका आजींकडून जुडी घेतली आणि सहज विचारलं, “आजी, ही कुड्याचीच ना?” त्यांनी जुडीतली एक जोडी उचलून माझ्यासमोर धरली. “बाय, ही बघ, सुटी हाय. टोकाला चिकटलेली असली तर तो काळा. तो भाजीला नाय घ्यायचा.”

पिशवी हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. ज्या बाईला रोजच्या भाजीसाठी दोन कुडे वेगळे करावे लागत होते, ती ते पाच सेकंदांत करत होती. आणि मी एम.एस्सी. होऊन, नेट देऊन, शेंग न बघता सालीची पूड घेऊन बसले होते.

पुढच्या आठवड्यात ओळखीच्या एका वनस्पतिशास्त्राच्या बाईंबरोबर रानात गेले. दोन्ही कुड्यांच्या फांद्या आणि थोडी साल आणली. तीन नमुने एकाच प्लेटवर चालवले : पांढरा कुडा, काळा कुडा आणि माझी दुकानातली पूड. पांढऱ्या कुड्याचा ठिपका ठसठशीत नारिंगी. माझी पूड अगदी काळ्या कुड्यासारखी, ठिपक्याला ठिपका जुळणारी.

त्या दिवशी मला रडू आलं हे लपवत नाही. गाईडसरांनी फक्त एवढंच विचारलं, “व्हाउचर आहे का?” नव्हतं.

तर तुम्ही काय कराल?

इतिहास वाचून सल्ला द्यायचा नसतो म्हणतात, पण ही किंमत मी मोजली आहे, म्हणून सांगते.

पहिलं, नमुना स्वतः गोळा करा आणि फूल किंवा फळ असताना करा. नुसत्या पानावरून दोन्ही कुडे भल्याभल्यांना चकवतात. पांढऱ्या कुड्याला एप्रिलपासून पावसाळ्यापर्यंत फुलं असतात, त्यानंतर शेंगा. तुमच्या झाडाचं वेळापत्रक आधी शोधा आणि सिनॉप्सिसमधलं कामाचं वेळापत्रक त्यावरून ठरवा. उलटं करू नका.

दुसरं, व्हाउचर करा. फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करायची आणि तिचा क्रमांक प्रबंधात द्यायचा. आपल्याकडे मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम आहे. उद्या नाव बदललं, तुमची ओळख चुकली, तरी तो कागद उघडून कुणीही पुन्हा तपासू शकतं. लिनियसची चूक आज आपल्याला उलगडते ती याच कारणाने. हर्मनचे नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आजही जपून ठेवले आहेत. चूक करणाऱ्याने पुरावा ठेवला होता. मी तोही ठेवला नव्हता.

तिसरं, लिटरेचर रिव्ह्यू करताना एकाच नावाने शोधू नका. होलॅर्हिना प्युबेसेन्स या नावाने शोधलंत तर अलीकडचं बरंच काम मिळेल. होलॅर्हिना अँटिडिसेंटेरिका टाकलंत की विसाव्या शतकातला मोठा भाग उघडेल. ‘कुर्ची’ टाकलंत की कलकत्ता उघडेल. ‘कोनेसी बार्क’ टाकलंत की जुनी मुंबई आणि लंडन. आणि राइटिया अँटिडिसेंटेरिका या नावाखाली आलेला प्रत्येक जुना निबंध संशयाने वाचा. तो नक्की कोणत्या झाडाबद्दल बोलतो आहे? लेखकाने फूल बघितलं होतं का? नमुना कुठून आला होता? श्रीलंकेचा असेल तर गोष्ट एक, मुंबईच्या बाजारातला असेल तर दुसरी.

चौथं, स्थानिक नाव लिहा, पण ते कुणी सांगितलं आणि कशावरून सांगितलं तेही लिहा. ‘कुडा’ हा शब्द एकटा पुरत नाही. पांढरा, काळा, कडू, गोडा ही विशेषणं शोभेची नाहीत. त्यात शतकांची तपासणी आहे.

माझं काम आता रुळावर आलं आहे. नवा नमुना तळोज्याच्या बाजूच्या उतारावरचा आहे. हर्बेरियमच्या कागदावर मी शास्त्रीय नाव लिहिलं, ठिकाण आणि तारीख लिहिली. स्थानिक नावाच्या रकान्यात लिहिलं : ‘पांढरा कुडा, शेंगा सुट्या, टोकं न चिकटलेली (पनवेल बाजारातील भाजीविक्रेत्या आजींची माहिती).’ जमा करून घेणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, कंसातला मजकूर पुन्हा वाचला आणि काही न बोलता शिक्का मारला.

राहिली आमच्या बागेतली पाटी. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “अहो मॅडम, नाव काय फरक पडतो, फूल तर पांढरंच आहे ना?”

पुढच्या रविवारी त्यांना शेंग दाखवायला डोंगरावर घेऊन जाणार आहे.